रिळातलं मिठागर

राष्ट्रीय महामार्ग ६६ पनवेलला सुरू होतो आणि कन्याकुमारीला संपतो, असं सरकारी कागदांत आहे. पनवेलच्या गळवाल्यांपुरता तो वडखळला संपतो, कारण तिथून ते अलिबागकडे वळतात. रविवार, कालनिर्णयातली तिथी आणि घरची परवानगी या तिन्ही गोष्टी एका दिवशी जुळल्या की पळस्पे फाट्यावर पहाटे चारला त्यांच्या गाड्या दिसू लागतात. गाडी ओळखणं सोपं असतं. रॉडची दोन भेंडोळी डॅशबोर्डपासून मागच्या काचेपर्यंत तिरकी गेलेली असतात. डिकीत थर्माकोलचा खोका असतो, खोक्यात बर्फ असतो आणि माशांसाठी भरपूर जागा असते. शेजारच्या सीटवर बसलेल्याच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी असतं. लहान मूल असावं असं वाटतं, पण ते रीळ असतं.

मांडीवर घेण्याचं कारण पुढचा रस्ता. पनवेल ते इंदापूर या टप्प्याच्या रुंदीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं, आणि त्यानंतर शाळेत गेलेली मुलं नोकरीला लागली तरी लोक या रस्त्याबद्दल भविष्यकाळातच बोलत राहिले. जपान-अमेरिकेतल्या कंपन्या आपली रिळं खाऱ्या फवाऱ्यात ठेवून तपासतात, ओढून तपासतात, हजारो वेळा फिरवून तपासतात. पावसाळ्यानंतरच्या पेण-वडखळ पट्ट्यातून नेऊन कोणी तपासल्याचं ऐकिवात नाही. ती चाचणी पनवेलकर स्वखर्चाने करतो. समुद्र दिसण्याआधीच हँडलचा एक स्क्रू सैल झालेला असतो.

तिथी कशासाठी, तर भरतीसाठी. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ साधारण मिळते, हा कोळ्यांचा जुना हिशोब. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. अवस-पुनवेला बाराच्या सुमाराला. अवस-पुनवेचं उधाण, अष्टमीच्या आसपासचा भांग. शाळेत पावकी-निमकीला कंटाळलेली माणसं पन्नाशीत समुद्राच्या निमित्ताने पाऊणकी पाठ करतात. घरच्यांना वाटतं, अखेर पंचांगाकडे लक्ष वळलं.

पनवेलला स्वतःचं पाणी नाही असं नाही. गाढी आहे, कासाडी आहे, खाडी आहे. पण कासाडीच्या काठावर तळोज्याची औद्योगिक वसाहत आहे, आणि त्या नदीच्या प्रदूषणाचं प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलेलं आहे. तेव्हा खाडीपुलावर बसतात ती शाळकरी पोरं. त्यांच्याकडे रॉड नसतो, रीळ नसतं. रिकाम्या प्लास्टिकच्या बाटलीवर तंगूस गुंडाळलेली असते, टोकाला शिशाचा गोळा आणि गळ. बाटलीला बेअरिंग नाही, गिअर नाही, ग्रीस नाही, वॉरंटी नाही. ती गंजत नाही, पाण्यात पडली तर तरंगते. मिठाच्या पाण्यात टिकणाऱ्या रिळाच्या शर्यतीत हे यंत्र आजवर अजिंक्य आहे. फक्त त्याने मासा शंभर मीटरवर असेल तर काही करता येत नाही.

आणि किनाऱ्यावर मासा नेमका शंभर मीटरवरच असतो. निदान तसं प्रत्येक गळवाल्याला वाटतं. म्हणून आक्षी, नागाव, रेवदंडा, काशीद किंवा जवळ हवं तर उरणच्या बाजूचा किनारा गाठायचा, गुडघाभर पाण्यात शिरायचं, लाट फुटते त्याच्या पलीकडे कोलंबीचं किंवा माकूलाचं आमिष फेकायचं आणि रॉड वाळूत रोवलेल्या पाइपमध्ये उभा करून वाट बघायची. मनात रावस असतो, नाहीतर जिताडा. जिताडा ही रायगडची शान. त्याच्या कल्ल्यांवरचं झाकण पात्यासारखं धारदार असतं आणि साधी तंगूस तो लीलया कापतो. लहानपणी तो नर असतो आणि मोठेपणी मादी होतो, त्यामुळे गळाला लागलेला थोरला जिताडा बहुधा मादीच. अडलेली सरकारी कामं एका जिताड्याने सुटल्याच्या कथा अलिबाग-पेण भागात चवीने सांगितल्या जातात. प्रत्यक्षात गळाला लागतो तो शिंगाळा. त्याचे काटे विषारी, अंग बुळबुळीत, आणि चेहऱ्यावर असा भाव की तुम्ही एवढा खर्च माझ्यासाठी केलात.

तो खर्च कसा होतो हे पाहण्यासारखं आहे. हजार-दीड हजारापासून रीळ मिळतं आणि लाखाच्या पलीकडेही मिळतं. या दोन टोकांच्या मधे उभा असलेला पनवेलकर दुकानदाराला पहिला प्रश्न विचारतो, “बेअरिंग किती?” स्वस्त रिळांच्या कंपन्यांना हा प्रश्न फार पूर्वीच कळला आहे. म्हणून दीड हजाराच्या रिळाच्या खोक्यावर ठळक अक्षरांत ‘१३+१’ असं लिहिलेलं असतं. उलट अमेरिकेतल्या पेन कंपनीचं स्पिनफिशर-६ हे किनाऱ्यावरच्या राबणुकीसाठी नावाजलेलं रीळ, त्यात ५+१. ग्राहक दोन्ही खोकी हातात घेतो. चौदा मोठे की सहा, हे गणित त्याला येतं. बेअरिंग म्हणजे आतमध्ये पोलादी गोळ्या असलेली कडी. जितकी जास्त, तितक्या गंजायच्या जागा जास्त, हे गणित त्याला पहिल्या पावसाळ्यानंतर येतं.

“पण ते स्टेनलेस स्टीलचं आहे ना?” हा त्याचा दुसरा प्रश्न. आहे. स्टेनलेस पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं आणि त्याचा अदृश्य पापुद्रा पोलादाला झाकून ठेवतो. पण बेअरिंगचं पोलाद कडक लागतं. त्यासाठी वापरतात त्या ४४०-सी जातीत कार्बन एक टक्क्याच्या आसपास असतो, आणि हा कार्बन बरंचसं क्रोमियम स्वतःच्या नादी लावतो. झाकायला उरतं ते कमी. त्यावर मिठातला क्लोराइड येऊन बसला की तो पापुद्रा एखाद्या बिंदूपाशी फुटतो आणि तिथे खड्डा पडायला लागतो. वरून चकचकीत, आतून करकर. स्वयंपाकघरातली स्टीलची वाटी वर्षानुवर्षं गंजत नाही आणि हजारोंचं बेअरिंग एका हंगामात गंजतं याचं घरच्यांना आश्चर्य वाटतं. त्या वाटीची जात वेगळी, आणि ती रोज घासली जाते.

रिळाचं अंग कशाचं हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न, आणि तो कोणीच विचारत नाही. प्लास्टिकमध्ये कार्बनचे तंतू घातलेलं अंग गंजत नाही, पण मोठा मासा ओढायला लागला की किंचित वाकतं, मग गिअरचे दात एकमेकांवर नीट बसत नाहीत. ॲल्युमिनियम वाकत नाही, पण त्यात पोलादी स्क्रू घातला आणि खारं पाणी सोडलं की दोन धातूंची चिमुकली बॅटरी तयार होते. ॲल्युमिनियम झिजतं, स्क्रूभोवती पांढरी भुकटी जमते, आणि एके दिवशी स्क्रू फिरवायला जावं तर त्याचं डोकं हातात येतं. मॅग्नेशियमचं अंग सर्वांत हलकं. तळ्यावरच्या माणसाने ते खुशाल घ्यावं. आक्षीच्या लाटांत ते नेणाऱ्याकडे पैसे फार झाले असं समजावं.

अलीकडे तिसरा प्रश्न आला आहे: “वॉटरप्रूफ आहे का?” खोक्यावर आयपीएक्स-५ किंवा आयपीएक्स-६ असं लिहिलेलं असतं. यातला पाच म्हणजे सव्वासहा मिलिमीटरच्या नळीतून मिनिटाला साडेबारा लिटर पाण्याचा फवारा सोसण्याची क्षमता. सहा म्हणजे साडेबारा मिलिमीटरच्या नळीतून मिनिटाला शंभर लिटर. पाण्यात बुडवण्याची परीक्षा सातव्या इयत्तेत येते: एक मीटर खोल, अर्धा तास. म्हणजे पाचवी पास रीळ लाटेत पडलं तर त्याने ती परीक्षा दिलेलीच नाही. शिवाय या सगळ्या परीक्षा गोड्या पाण्यात होतात. परीक्षा गोड्या पाण्याची आणि नोकरी खाऱ्या पाण्यात, हे आपल्याकडच्या पदवीधरांना नवीन नाही.

दायवा कंपनीने २०१० मध्ये आणलेली युक्ती याहून अचाट आहे. रिळाच्या दांड्याभोवती चुंबक ठेवायचा आणि फटीत लोखंडाचे सूक्ष्म कण असलेलं तेल सोडायचं. चुंबक तेलाला धरून ठेवतो, तेल पाण्याला अडवतं. असलं चुंबकी तेल १९६३ मध्ये नासातल्या स्टीव्ह पॅपेल या इंजिनिअरने बनवलं होतं, रॉकेटचं इंधन वजनरहित अवकाशात एका जागी कसं ओढून आणायचं या विवंचनेतून. इंधनाचा प्रश्न वेगळ्या मार्गाने सुटला. तेल लाउडस्पीकरमध्ये आणि पुढे रिळांत आलं. या रिळाची एकच अट असते: घरी त्या जागी तेल घालायचं नाही, नाहीतर चुंबकी तेल पातळ होऊन वाहून जातं. दाराच्या बिजागरीपासून मुलाच्या टाळूपर्यंत सगळीकडे तेल घालत आलेल्या माणसाला ही अट पाळणं फार जड जातं.

मुळात हे यंत्र लागतंच कशाला, असा प्रश्न कल्याणीच्या चालुक्य राजाला पडला नव्हता, कारण यंत्रच नव्हतं. तिसऱ्या सोमेश्वराने सुमारे ११३० मध्ये ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात मत्स्यविनोद नावाचं प्रकरणच आहे: कोणत्या माशाला काय खायला घालावं, दोरी कशी असावी, काठी कशी असावी. राजाकडे पदरी माणसं होती. दोरी गुंडाळायला रीळ लागत नव्हतं. पुढे सुमारे ११९५ च्या एका चिनी चित्रात मा युआन या चित्रकाराने एकटा होडीत बसलेला गळवाला दाखवला आणि त्याच्या काठीला रीळ जोडलं. रिळाचं जुन्यात जुनं चित्र म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. नोकर नसलेल्या माणसाचीच ती गरज असणार.

आजच्या किनाऱ्यावरच्या रिळाचा बाप मात्र गिरणीवाला आहे. इंग्लंडातल्या ब्रॅडफर्डच्या आल्फ्रेड इलिंगवर्थची लोकरीच्या धंद्यात गिरणी होती. १९०५ मध्ये त्याने अशा रिळाचं पेटंट घेतलं की फेकताना दोऱ्याचं बॉबिन जागच्या जागी राहतं आणि दोरा त्याच्या कडेवरून सुटत जातो. त्याआधीच्या रिळांत बॉबिनच गरगर फिरायचं. शिसं पाण्यात पडल्यावरही ते फिरत राहिलं की दोऱ्याचा असा गुंता व्हायचा की सकाळ त्यातच जायची. ही रिळं आजही आहेत, आणि अंगठ्याने बॉबिन दाबायची कला साधलेली मंडळी त्यांच्याच प्रेमात असतात. बाकीच्यांनी इलिंगवर्थचे आभार मानावेत. पनवेलजवळच्या कोन गावी गिरणी कामगारांसाठी घरांची सोडत २०१६ मध्ये निघाली. तिथल्या एखाद्या निवृत्त कामगाराच्या हाती हे रीळ दिलं तर त्याला माहितीपत्रक लागणार नाही. जन्मभर त्याने बॉबिनवरूनच सूत सुटताना पाहिलं आहे. त्यामुळे रिळात दोरा किती भरावा यावर वाद झाला तर त्याचं ऐकावं: काठापासून दोन-तीन मिलिमीटर खाली. जास्त भरला तर वेटोळी एकदम निसटतात, कमी भरला तर दोरा काठावर घासून फेक आखूड होते. हल्ली विणलेला दोरा वापरतात, तो नुसता भरला तर बॉबिनवर गोल घसरतो. म्हणून खाली थोडी साधी तंगूस घालावी लागते. हे न करता मासा लागल्यावर नुसतं हँडल फिरवत बसलेला आणि दोरा इंचभरही आत न येणारा माणूस प्रत्येक किनाऱ्यावर एक तरी सापडतो.

शिमानो कंपनीचं मूळ तर सायकलीत आहे. १९२१ मध्ये जपानातल्या साकाई शहरात तिने सुरुवात केली ती सायकलच्या फ्रीव्हीलने. पुढे फिरतं आणि मागे फिरताना मोकळं राहतं ते चाक. १९७० मध्ये रिळाकडे वळताना तिला फार लांब जावं लागलं नसणार. रिळातही उलटं फिरणं अडवणारा एक भाग असतो. हा भाग अत्यंत मानी. त्याला जरा जास्त तेल-ग्रीस लागलं की तो पकड सोडतो आणि मासा ओढू लागताच हँडल उलटं फिरून बोटांवर बसतं. नव्या गळवाल्याच्या उजव्या हाताची बोटं सुजलेली दिसली तर समजावं, आदल्या रविवारी त्याने रिळाची सर्व्हिसिंग केली आहे.

आता मुद्द्याचं. रीळ समुद्रावर मरत नाही, घरी मरतं.

उरण-पेण भागात मिठागरं आहेत. उधाणाचं पाणी आत घ्यायचं, उथळ वाफ्यांतून फिरवायचं, उन्हाने आटवायचं, आणि खाली उरलेलं मीठ ओढायचं, ही तिथली रीत. पनवेलकर अजाणता हाच उद्योग रिळात करतो. लाटेचा तुषार झाकणाच्या फटीतून आत जातो. परतीच्या वाटेवर डिकीत कडक ऊन लागतं. पाणी उडून जातं. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे चहाचा एक चमचा पाणी आत गेलं तर चिमटीएवढंही मीठ उरत नाही. एका फेरीत काहीच नाही. पण फेऱ्या होत राहतात आणि वाफा तोच असतो.

यावर उपाय म्हणजे धुणं, आणि धुण्याबाबत पनवेलकरांत दोन पंथ आहेत. एक पंथ म्हणतो, आल्याबरोबर बादलीत बुडवून ठेवा. दुसरा म्हणतो, गाडी धुवायच्या पाइपने जोरात मारा. दोघेही मीठ काढत नाहीत, आत पोचवतात. बरोबर पद्धत कंटाळवाणी आहे: ड्रॅगचा नॉब घट्ट आवळायचा, म्हणजे बॉबिनखाली पाणी जात नाही, मग गोड्या पाण्याचा हलका शिडकावा करायचा, हँडल हळू फिरवायचं, झटकायचं, कापडाने पुसायचं, आणि नॉब पुन्हा सैल सोडायचा. तो आवळलेलाच राहिला तर ड्रॅगमधल्या चकत्या दबून बसतात, विशेषतः नमद्याच्या असतील तर. कंपनीच्या पत्रकात लिहिलेलं असतं की पाण्याला जोर नसावा. इथे पनवेलकराला निसर्गाची आणि नगररचनेची साथ आहे. एप्रिल-मे महिन्यांत देहरंग धरणाचा तळ दिसायला लागला की नळाला जो काही जोर असतो, तो कंपनीच्या अपेक्षेइतकाच असतो. पाणी एक दिवसाआड येत असेल तेव्हा मात्र घरात एक बादली पाणी आणि दोन दावेदार, असा पेच उभा राहतो. भांडी आधी की रीळ आधी, याचं उत्तर त्या घरचं राजकारण ठरवतं.

ड्रॅगवरून आठवलं. मासा जोराने पळाला तर दोरा न तुटता सुटत राहावा म्हणून ही सोय असते. दोरा जेवढं वजन सोसतो त्याच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याला ड्रॅग सुटावा, असा नियम आहे. म्हणजे बारा किलोचा दोरा असेल तर तीन-चार किलोला. मोजायला रद्दीवाल्याचा असतो तसा स्प्रिंगचा काटा पुरतो. पण काटा लावणारा विरळा. बहुतेक जण दोरा हाताने ओढतात, डोळे मिटतात, “बरोबर आहे” म्हणतात. जिताडा त्या अंदाजाची किंमत एका सेकंदात सांगतो.

तेलाबद्दल घरोघरी मतं आहेत. खोबरेल घालणारे आहेत. खोबरेल चोवीस अंशांच्या खाली थिजतं, आणि जानेवारीच्या पहाटे किनाऱ्यावर रीळ फिरेनासं झालं की त्यांना वाटतं, आत वाळू गेली. शिवणयंत्राचं तेल बेअरिंगला खरोखर चालतं, फक्त ते आईच्या यंत्राच्या खणातून न विचारता आणलेलं असतं. सर्वांत लोकप्रिय म्हणजे डब्ल्यूडी-४०. अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीने १९५३ मध्ये हे बनवलं. पाणी हटवणारं द्रव्य चाळिसाव्या प्रयत्नात साधलं म्हणून नावात चाळीस. ॲटलस क्षेपणास्त्राच्या बाहेरच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून ते वापरलं गेलं. रिळांच्या दुनियेत रॉकेटवाल्यांचा वावर भलताच आहे. ते पाणी हटवतं हे खरं, पण बेअरिंगला आणि गिअरला टिकाऊ वंगण म्हणून ते पुरत नाही, आणि आतल्या ग्रीसवर मारलं तर ग्रीस पातळ करून घेऊन जातं. क्षेपणास्त्राला एकदाच उडायचं असतं. रिळाला पुढच्या रविवारीही जायचं असतं. गिअरला पाण्याला न जुमानणारं ग्रीस, बेअरिंगला आणि दोरा वळवणाऱ्या छोट्या चाकाला पातळ तेलाचा एकेक थेंब, आणि उलटं फिरणं अडवणाऱ्या त्या मानी भागाला जवळजवळ काहीच नाही: एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ. ते छोटं चाक आधी अडकतं. दोऱ्याबरोबर येणारं खारं पाणी सगळं त्याच्यावरूनच जातं. अडकलं की दोरा त्यावर घासत राहतो आणि एका जागी खोबण पडते. मग पुढचा मासा दोरा का तुटला हे न सांगता निघून जातो.

सगळ्यात कठीण प्रकार म्हणजे रीळ उघडणं. जेवणाच्या टेबलावर जुना टॉवेल पसरला जातो, मोबाइल फोटो काढायला तयार ठेवला जातो, आणि पहिला स्क्रू निघाल्यावर फोटो काढायचं राहतं. चकत्या एकावर एक निघतात: मोठी, लहान, दात असलेली, कागदाएवढी पातळ. ही पातळ चकती जिवंत असते. ग्रीस लागलेल्या बोटाला चिकटून ती घरभर फिरून येते. दोरा पकडणाऱ्या कमानीची स्प्रिंग सुटते तेव्हा ती कधीच टेबलावर पडत नाही. जोडणी झाल्यावर एक भाग उरतो. तो उरूनही रीळ फिरतंय याचा आनंद दोन दिवस टिकतो. १८२० च्या सुमारास अमेरिकेतल्या केंटकी राज्यात जॉर्ज स्नायडर या घड्याळजीने गिअर लावलेलं, एका फेरीत बॉबिनला अनेक फेरे देणारं रीळ घडवलं; तेव्हा पनवेलच्या बाजारातल्या घड्याळदुरुस्तीच्या टपरीसमोर रुमालात सुटे भाग घेऊन उभा असलेला गृहस्थ इतिहासाला धरूनच वागत असतो. घड्याळजी मात्र भिंगातून बघतो आणि म्हणतो, “साहेब, यात सेल कुठं टाकायचा?”

म्हणून जाणती मंडळी रीळ घेताना वेगळाच प्रश्न विचारतात: हे मला उघडता येईल का? पेन कंपनी ऑटो हेन्झने १९३२ मध्ये फिलाडेल्फियात काढली. तिची स्पिनफिशर रिळं १९६१ पासूनची, आणि त्या जुन्या पिढीतली काही आजही चालू आहेत. ती पाण्याला बंद नव्हती. पाणी सहज आत जायचं, पण झाकण काढलं की सहज बाहेरही यायचं. कोकणातल्या घरात असं एखादं जड रीळ असतं, जहाजावर नोकरीला असलेल्या मामाने कधीतरी आणलेलं. नव्या बंद रिळाचं रबर झिजलं की पाणी आत जातं आणि त्याच रबरामुळे आतच राहतं. मालक मात्र निर्धास्त असतो, कारण खोक्यावर पाचवी पास लिहिलेलं असतं. या लेखकाचं मत विचाराल तर मध्यम किमतीचं, ॲल्युमिनियमच्या अंगाचं, चार ते आठ हजार आकारातलं, आणि चार स्क्रूंत उघडणारं रीळ घ्यावं. उरलेल्या पैशांतून दोरा चांगला घ्यावा. पण मत विचारत कोणी नाही. सगळे खोक्यावरचा आकडा वाचतात.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. ही बंदी किनाऱ्यावरच्या गळाला लागू नाही, पण पावसाळी लाटांपुढे उभं राहण्याची हौस कोणाला नसते. रीळ कपाटात जातं. मालकाच्या मते ते आराम करत असतं. कपाटात काय घडतं ते स्वयंपाकघरातल्या खड्या मिठाला विचारावं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळू लागतं. समुद्री मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड तर त्याच्या निम्म्या आर्द्रतेलाही पाणी ओढतं. पनवेलचा जुलै म्हणजे काय हे सांगायला नको. बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं त्याच दिवशी रिळातल्या मिठालाही सुटतं. मे महिन्यात वाळलेलं मिठागर कपाटात पुन्हा भरतं, आणि दोन महिने बेअरिंग खाऱ्या पाण्यात बसून राहतं, समुद्रापासून कित्येक किलोमीटर लांब, नॅप्थलीनच्या गोळ्यांशेजारी. काही जण रीळ तांदळाच्या डब्यात ठेवतात. मोबाइल पाण्यात पडल्यावर हा उपाय करतात, म्हणून. त्याने रिळाचा ओलावा फारसा जात नाही. भाताला ग्रीसचा वास मात्र येतो, आणि मग रीळ कुठे ठेवायचं याचा निर्णय मालकाच्या हातात राहत नाही. मे अखेरीला एकदा उघडून, मीठ पुसून, ताजं ग्रीस भरून ठेवलं तर हे सगळं टळतं. पण मे अखेरीला लग्नं असतात, आंबे असतात, आणि एक शेवटचं उधाण असतं.

नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यात होड्या सजतात, तेव्हा इकडे कपाट उघडतं. हँडल फिरवलं की आतून जात्याचा आवाज येतो. एखादा शेजारी बघायला येतो: “दादूस, काय झालं रे याला?” दादूसला ठाऊक असतं: बेअरिंग. कंपनीकडे सुट्या भागाची चौकशी केली तर महिनाभराचा वायदा मिळतो. पण बेअरिंग ही जगभर ठरावीक मापांची वस्तू आहे. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, मिलिमीटरमधले तीन आकडे जुळले की झालं. तेव्हा तो ते तीन आकडे चिठ्ठीवर लिहून लोकलने मुंबईला जातो, मशीद बंदराजवळच्या नागदेवी स्ट्रीटवर, जिथे बेअरिंगची दुकानं रांगेने आहेत. दुकानदार विचारतो, “पत्र्याच्या झाकणाचं देऊ की रबराच्या?” खाऱ्या पाण्यासाठी रबराचं बरं, एवढं त्याला आता कळतं.

“कुठल्या मशीनला लावायचं?”

“मासे पकडायच्या.”

दुकानदार चेहऱ्यावर काही दाखवत नाही. तो म्हणतो, सुटं मिळणार नाही, दहाचं पाकीट आहे. किंमत ऐकल्यावर दादूस पाकीट घेतो, कारण परत आलं तर गाडीभाडंच जास्त. एक बेअरिंग रिळात बसतं आणि आवाज थांबतो. उरलेली नऊ घेऊन तो आता ओळखीच्या प्रत्येक गळवाल्याला विचारत फिरतो, तुझं रीळ करकरतंय का. करकरत नसेल तर उघडून बघू म्हणतो. तिघांनी त्याचे फोन घेणं बंद केलं आहे. त्यातल्या दोन बेअरिंगांसाठी त्याने घरचा मिक्सर खोलून पाहिला. तिथे बसली नाहीत, आणि मिक्सरची एक चकती उरली आहे.